पाठीला घेऊन वेरूळला

भाऊबीजेला वन्संकडे जायचं, हा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा रिवाज. वन्सं छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतात. नाशिकहून एस.टी.त बसलं, की येवला, वैजापूर करत पाचएक तासांत माणूस तिथं पोचतो. पण गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला त्या पाच तासांनी माझा अगदी जीव काढला. गाडी बसस्थानकात लागली, सगळी माणसं उतरून गेली, आणि मी आपली खिडकीचा गज धरून बसलेलीच. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा आता. पुढं गाडी जात नाही." त्याला काय सांगणार? गाडी जात नव्हती तशी माझी कंबरही जात नव्हती!

दुखणं दोन वर्षांचं. दिवाळीच्या साफसफाईत गादी उचलताना उसण भरली, ती गेलीच नाही. मग काय काय नाही केलं? शेक झाला, तेल झालं, बाम झाला. एका हाडवैद्यानं पाठीवर गुडघा देऊन 'कट्' असा आवाज काढला. दोन दिवस बरं वाटलं आणि पुढचे आठ दिवस अंथरुणात गेले. शेवटी कमरेला पट्टा आला. पट्टा बांधला की धीर यायचा, सोडला की भीती वाटायची. हळूहळू मी वाकणं सोडलं, पाटावर बसणं सोडलं, लग्नाकार्याला जाणंही सोडलं.

खरं सांगते, दुखण्यापेक्षा मला भीती निराळीच होती. माझ्या आईला वेरूळचं लेणं पाहायची फार हौस. "एकदा कैलास बघायचाय गं," असं ती माझ्या लहानपणापासून म्हणायची. पण पन्नाशीत तिची कंबर गेली. 'कंबर गेली' म्हणजे काय झालं, हे कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पुढं ती अंगणापलीकडे फारशी गेली नाही आणि वेरूळ न पाहताच गेली. मी आता चौपन्न वर्षांची. दरवर्षी संभाजीनगरला येते, वेरूळ तिथून जेमतेम तीस किलोमीटर, आणि मी दरवर्षी म्हणते, "पुढच्या खेपेला बघू." आईचंच वाक्य माझ्या तोंडी आलं होतं.

त्या दिवशी वन्संच्या लेकीनं मला जिना चढताना पाहिलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणाली, "मामी, फराळ नंतर. आधी इथं सतरंजीवर आडव्या व्हा."

आधी तिनं पोलिसासारखे प्रश्न विचारले. पायात बधिरपणा आहे का? पाय लुळा पडतो का? लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे का? मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटते का? ताप, वजन घटणं, पडल्याझडल्याचं काही? रात्री झोपेतून उठवणारा ठणका? आधी कधी कर्करोग? सगळ्याला मी 'नाही' म्हटलं, तेव्हा कुठं तिनं सुटकेचा श्वास टाकला. "यातलं एक जरी 'हो' असतं, तर मी तुम्हाला व्यायाम शिकवला नसता. थेट डॉक्टरांकडे नेलं असतं," ती म्हणाली. मैत्रिणींनो, हे प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि मगच पुढचं वाचा.

मी पिशवीतून एमआरआयचा कागद काढला. त्यात 'चकत्यांची झीज' असं लिहिलेलं, आणि त्या शब्दानं माझी झोप उडालेली. ती म्हणाली, "चाळिशी-पन्नाशीनंतर अशी झीज मुळीच न दुखणाऱ्या पाठीतही सर्रास दिसते. केस पिकतात तसंच हे. या कागदाला एवढं घाबरू नका."

मग तिनं मला मांडवाचं उदाहरण दिलं. मांडवाचा खांब चारी बाजूंच्या दोऱ्यांनी ताठ उभा राहतो. एका बाजूची दोरी ढिली पडली, की दुसरीवर ओढ येते आणि ती करकरायला लागते. पाठीचा कणा म्हणजे तो खांब, आणि पोटाचे, पाठीचे, बैठकीचे स्नायू या दोऱ्या. प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी गेल्या शतकात या असमतोलाचा एक नमुना मांडला होता. बसून-बसून मांडीच्या वरचे, खुब्यापुढचे स्नायू आणि कमरेमागचे स्नायू आखडतात, तर पोटाचे आणि बैठकीचे स्नायू सैल पडतात. बाजूनं पाहिलं तर ती एक फुलीच होते. प्रत्येक पाठदुखीचं मूळ यातच असतं असं आता कुणी म्हणत नाही, हेही भाचीनं प्रामाणिकपणे सांगितलं. पण सैल पडलेल्या स्नायूंना काम दिलं, म्हणजे बहुतेकांना आराम पडतो, एवढं खरं.

"पण मला वाकवत नाही, तर व्यायाम कसला करू?" मी विचारलं.

"न वाकता करायचा. न हलता करायचा!"

या व्यायामाला आयसोमेट्रिक म्हणतात. ग्रीक भाषेतला शब्द, अर्थ 'माप तेच'. स्नायू आवळतो, जोर लावतो, पण सांधा हलत नाही. भिंत ढकलून पाहा. भिंत हलत नाही, दंड मात्र टणक होतो. १९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या दोघांनी असं मांडलं, की रोज काही सेकंद असा जोर लावला तरी ताकद वाढते. त्यांचे आकडे पुढे फारच आशावादी ठरले, पण मूळ गोष्ट टिकली. जुन्या मासिकांतून बुलवर्करच्या जाहिराती यायच्या, आठवतात? पिळदार दंडाचा एक पुरुष दोन्ही हातांनी एक नळकांडं दाबतोय! ते याच जातीतलं. आपल्याला दंड फुगवायचे नाहीत, कुकर उचलता आला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी वन्संना लग्नासाठी पैठणी बघायची होती, म्हणून पैठणला निघालो. पन्नासएक किलोमीटरचा रस्ता. मी पाठीमागे उशी घेऊन बसले. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि मग माग बघायला गेलो. पैठणीची किंमत ऐकून आपण डोळे विस्फारतो, पण ती विणताना पाहिली की बोलती बंद होते. पदरावरचा मोर रंगारंगाच्या छोट्या छोट्या रिळांनी, धागा धागा मोजून, हातानं भरायचा. एकेका साडीला महिने लागतात. मागावर एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. मान पुढं, हात पुढं, नजर धाग्यावर.

मी न राहवून विचारलं, "पाठ दुखत नाही का हो?"

"दुखती की," त्या हसून म्हणाल्या. "म्हणून चार बोटं विणलं की उठते. पाणी पिते, दारापर्यंत जाते, मग परत बसते. आधी उठत नव्हते, तवा लई दुखायचं."

परतताना भाची म्हणाली, "मामी, त्या बाईंनी माझं अर्धं काम केलं. न हलता जोर धरून बसणं हाच त्यांच्या दुखण्याचाही मार्ग आणि तुमच्या औषधाचाही. फरक फक्त वेळेचा. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. तासन् तास आवळला तर तो आंबतो. दहा सेकंद आवळला आणि सोडला, तर सोडल्याबरोबर ताजं रक्त येतं आणि तो कामाला शिकतो. म्हणून धरण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं."

ओट्यापाशी ताटकळत तासभर पोळ्या लाटणारी मी मनात म्हटलं, अगंबाई, मी तर वर्षानुवर्षं नुसती धरतेच आहे!

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाणचक्कीला गेलो. खाम नदीकाठचं हे ठिकाण मला फार आवडतं. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेलं, ते भिंतीवरून हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर खालचं जातं फिरायचं आणि इथल्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं. मला आईचं जातं आठवलं. पहाटे उठून ती दळायला बसायची. इथं पाण्यानं दळलं, तेवढ्या दळणापुरत्या कुणाच्या तरी कमरा वाचल्या असतील! तिथल्या जुन्या प्रचंड वडाखाली बसून भाचीनं माझा पाठ पक्का करून घेतला. तो तुम्हालाही सांगते.

सगळ्यांना एकच नियम. निम्म्या ताकदीनं जोर लावायचा, सर्वस्व पणाला लावायचं नाही. पाच सेकंदांपासून सुरुवात, दहाच्या पुढं जायचं नाही. श्वास कोंडायचा नाही, कारण त्यानं रक्तदाब चढतो. म्हणून आकडे मोठ्यानं म्हणायचे. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. प्रत्येक व्यायाम पाच वेळा.

पहिला पोटाचा. उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, पावलं जमिनीवर. श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं, घट्ट चोळीत मावायचं असल्यासारखं, आणि धरायचं.

दुसरा गुडघ्याचा. त्याच स्थितीत एक गुडघा वर आणायचा, तळहात त्यावर ठेवायचा. हातानं गुडघा लोटायचा आणि गुडघ्यानं हात. कुणीच हलायचं नाही. नवराबायकोच्या भांडणासारखं! मग दुसरा पाय.

तिसरा बैठकीचा. गुडघ्यांत उशी धरायची, उशी दाबत बैठकीचे स्नायू आवळायचे. आठवड्याभरानं जमलं तर कंबर चार बोटं वर उचलून धरायची. योगासनांतलं सेतुबंध तेच.

चौथा हातापायांचा. लहान मूल रांगतं तसं हात-गुडघ्यांवर यायचं. पाठ पाटासारखी सपाट. उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं लांबवून धरायचा, मग उलट. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या तीन आवडत्या व्यायामांतला हा एक. दहा सेकंदांहून जास्त धरू नका, हवं तर पुन्हा करा, हेही त्यांचंच सांगणं. गुडघे दुखत असतील तर खाली घडी घालून चादर घ्यावी, नाहीतर हा व्यायाम सोडून द्यावा.

पाचवा भिंतीचा. पाठ भिंतीला टेकून पावलं पुढं घ्यायची आणि खुर्चीत बसल्याचं नुसतं नाटक करायचं. अगदी खाली जायचं नाही, थोडंसंच.

थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. पण कळ पायात उतरली तर तिथंच थांबायचं. रक्तदाब, हृदयविकार किंवा हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या मुलींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

"आणि पट्टा?" मी भीतभीत विचारलं.

"हळूहळू सोडा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यांत व्यायाम करा, हालचाल करत राहा असं म्हटलंय, आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय." तिनं आणखी एक आकडा सांगितला. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात बायका जास्त. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. आई तरी कुठं होती?

नाशिकला परतले आणि नेमानं सुरू केलं. पहिला आठवडा काहीच फरक नाही. हे म्हणाले, "नुसतं पडून आकडे मोजतेस, याला व्यायाम म्हणायचं?" तिसऱ्या आठवड्यात बादली उचलली आणि पुन्हा चमक भरली. रडूच आलं. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "बंद करू नका, निम्मं करा." निम्मं केलं. चार दिवसांनी पुन्हा मूळ पदावर आले. घरात आणखी दोन बदल केले. ओट्यापाशी छोटा पाट ठेवला, त्यावर आलटून पालटून एकेक पाय टेकवते. आणि पैठणच्या बाईंचा मंत्र : पाच पोळ्या झाल्या की खिडकीपर्यंत फेरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीस बायकांना वाण दिलं आणि संध्याकाळी लक्षात आलं, की पट्टा कपाटातच राहिला होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी आपणहून म्हटलं, "वन्संकडे जाऊ या. वेरूळ बघायचंय."

वेरूळला एकंदर चौतीस लेणी. पहिली बारा बौद्धांची, मधली सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. सगळी एका दमात बघायचा हट्ट धरू नये. आम्ही दहाव्यापासून सुरुवात केली. याला लोक सुताराचं लेणं म्हणतात. दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात, म्हणून हे नाव. आत स्तूपापुढं बुद्ध बसलेत, मांडी घालून नव्हे, तर आसनावर दोन्ही पाय खाली सोडून. पावलं टेकलेली, पाठ सरळ, आणि तरीही कुठं ताठपणा नाही. भाची कुजबुजली, "खुर्चीत कसं बसावं, ते बघून घ्या."

बारावं लेणं तीन मजली. मी कठडा धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत, तिन्ही मजले चढले. वर गेल्यावर मी काही बोलले नाही. ह्यांनीच पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाले, "आकडे मोजून उपयोग झाला म्हणायचा."

आणि मग सोळावं, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम. डोंगर वरून खाली खोदत आणला आणि आतून सबंध देऊळ काढलं, सुमारे तीस मीटर उंच, एकसंध दगडाचं. हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्या अंगणात उभं राहून मान वर केली, की वाचलेलं सगळं विसरायला होतं. देवळाच्या जोत्याभोवती दगडी हत्तींची रांग आहे. जणू अख्खं देऊळ त्यांनीच पाठीवर तोललंय. बाराशे वर्षं झाली, त्यांना सोडायला कुणी सांगितलं नाही!

दक्षिण बाजूला रावण आहे. तो कैलास पर्वत उचलायला बघतोय, वीस हातांचा जोर लावून. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय आणि शंकर मात्र शांत. पायाच्या अंगठ्यानं त्यानं पर्वत दाबला आणि रावण खाली अडकला, अशी कथा. पर्वत हलत नाही, रावण सोडत नाही.

"हा तर आपलाच व्यायाम!" मी म्हटलं.

"पण चुकीचा," भाची म्हणाली. "सगळी ताकद लावलीय, श्वास कोंडलाय आणि मधे सोडतच नाहीये. म्हणून तर बोंबलला." वेदनेनं त्यानं जो आक्रोश केला, त्यावरूनच त्याला रावण हे नाव पडलं, असं रामायणाच्या उत्तरकांडात आहेच. आम्ही दोघी इतक्या हसलो, की पहारेकरी बघायला लागला.

मग मी एका बाजूला जाऊन हत्तींच्या जवळ बसले. आईची आठवण आली. तिला कुणी सतरंजीवर झोपवून प्रश्न विचारले असते, दहापर्यंत आकडे मोजायला शिकवले असते, तर? तिच्या पाठीत काय होतं हे मला आता कधीच कळणार नाही. पण 'बायकांची कंबर जायचीच' असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं, हे मात्र मला त्या दिवशी बोचलं.

परतीच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो, आपला देवगिरी. चांद मिनार पाहिला, खंदकावरचा पूल ओलांडला, आणि अंधारीच्या तोंडाशी मी थांबले. पुढं काळोखातल्या पायऱ्या आणि मग वरपर्यंत खडी चढण. पाठ कुरकुरायला लागली होती. पूर्वीची मी असते तर भिऊन घरीच बसले असते किंवा हट्टानं चढून आठ दिवस झोपले असते. त्या दिवशी मी तिथल्या कट्ट्यावर बसले, दोन व्यायाम केले, शेंगा सोलल्या आणि बाकीची मंडळी उतरेपर्यंत वाट पाहिली. बारादरी पुढच्या खेपेला.

यंदाच्या भाऊबीजेला जायचं ठरलंच आहे. तुम्हीही जाणार असाल तर थंडीत जा, पायात सपाट चपला घाला, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि प्रत्येक लेण्यात दोन मिनिटं टेका. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तेवढं मात्र लक्षात असू द्या.